‘ओ’चं कार्ड

माझ्याकडे अक्षरांच्या कार्डांचा एक डबा आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकण जरा वाकडं. त्यात ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी कार्डं आहेत, एकही हरवलेलं नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते बालवाडी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. मुलं कार्डं चघळतात, डब्यात पोळीबरोबर घालून घरी नेतात, खिडकीतून खाली सोडून बघतात. माझ्या डब्यात उलट एक कार्ड जास्तच आहे. ‘ओ’ दोन आहेत. त्यातला एक माझा नाही, एका मुलीचा आहे. आठ वर्षं झाली, तो तिला द्यायचा राहिलाय.

माझी बालवाडी डोंबिवली पूर्वेला, गावठाणाच्या कडेला, एका चाळीच्या शेवटच्या खोलीत. चाळीत भाडेकरू, कोकणातले आणि घाटावरचे. समोर गावातल्या जुन्या जमीनदारांचे बंगले. या घरांतली लग्नं दणक्यात होतात आणि पत्रिका अशा जाड येतात की टाकून द्यायला जीव होत नाही. म्हणून दर मे महिन्यात मी घरोघरी सांगून ठेवते, जुन्या पत्रिका फेकू नका, मला द्या. पाठची कोरी बाजू माझ्या कामाची. तळहाताएवढे तुकडे कापायचे आणि जाड पेनाने एकेक अक्षर काढायचं.

सगळी अक्षरं काळ्याच शाईने. माझ्या ओळखीच्या एक बाई स्वर लाल आणि व्यंजनं निळी काढतात. मग मुलं रंग ओळखतात आणि पालक खूश होतात. मला ते पटत नाही. मी मुलांना तोंडात काय होतंय ते बघायला लावते. आऽऽ म्हणा, श्वास संपेपर्यंत म्हणा. कुठे अडलं का? नाही ना, मग तो स्वर. आता प म्हणा, ओठ मिटले की नाही? त म्हणा, जीभ दातांवर टेकली? अडलं म्हणजे व्यंजन. स्वर सुपात टाकायचे, व्यंजनं टोपलीत. मुलं वादही घालतात. स्स्स पण लांबतो, मग तो सुपात का नाही, असं एकाने मला विचारलं होतं. त्या दिवशी आम्ही अर्धा तास नुसते सापासारखे फुसफुसत बसलो.

ती मुलगी पाच वर्षांची होती. दोन घट्ट वेण्या, फ्रॉकचं वरचं बटण कायम लावलेलं. त्याच चाळीत तिसऱ्या खोलीत वडिलांबरोबर राहायची. आई आदल्या वर्षी आजारपणात गेली, एवढं मला माहीत होतं. पंधरा दिवसांत तिला सूप आणि टोपली पक्की झाली. दुसऱ्यांचं चुकलं तर ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघायची. फक्त एक ‘ओ’ तिला जमत नव्हता, असं मला वाटलं.

बाकीची कार्डं ती पटापट टाकायची आणि ‘ओ’ मांडीवर ठेवून घ्यायची. मी म्हणायचे, ओ म्हण. ती लांबलचक ओ म्हणायची. जीभ टेकली? मान हलायची, नाही. ओठ मिटले? नाही. मग कुठे जाणार? मग ती कार्ड सुपात ठेवायची, पण पालथं. अक्षर खाली, छापील बाजू वर. त्या बाजूला सोनेरी मोर होता, पिसारा निळा. मी ते उलटं करायचे आणि सांगायचे, अक्षर वर हवं. दुसऱ्या दिवशी मोर पुन्हा वर.

मी काय करावं? मी तिच्यासाठी ‘ओ’ची वेगळी उजळणी घेतली. सगळ्या वर्गाला विचारलं, आई हाक मारते तेव्हा आपण काय म्हणतो? सगळे एका सुरात ओ म्हणून ओरडले. तीही ओरडली. हे मी त्या मुलीसमोर विचारलं, हे मला त्या दिवशी जाणवलंसुद्धा नाही. आज आठवलं की कानशिलं तापतात. प्रगतीच्या वहीत मी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘ओ स्वर आहे हे अजून पक्कं नाही.’ शाईने लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळी मुलं गेली तरी ती दारात उभी राहिली. हातात तेच कार्ड.

“टीचर, हे मी घरी नेऊ?”

“अगं, मग आपल्या वर्गाला ओ कुठून आणायचा?” मी म्हटलं. “एकीला दिलं की सगळे मागतील. ठेव डब्यात.”

मला वाटतं, तिला ते पटलं असावं, कारण ती हट्टी नव्हती. तिने कार्ड डब्यात सगळ्यात वर ठेवलं, मोर वर करून, आणि त्यावरून एकदा हात फिरवला. मी झाकण लावलं. आपण शिस्त पाळली, याचं मला समाधानही वाटलं.

सुट्टी संपल्यावर ती आली नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि दिवा स्टेशनजवळ खोली घेतली, असं त्यांच्या शेजारणीने सांगितलं. ही शेजारीण माझ्याकडे तांदूळ निवडत बसली होती आणि मी डबा आवरत होते. मोराचं कार्ड दिसताच तिचा हात थांबला.

“बाई, ही तर पोरीच्या आईच्या लग्नातली पत्रिका. मीच दिलेली ना तुम्हाला, पिशवीतनं. त्यांच्या घरातलं तर सगळं बांधून टाकलेलं, नवीन बाई यायची म्हणून. फोटोसुद्धा.”

ती बराच वेळ बोलत होती. आई त्या मुलीला मांडीवर घेऊन ती पत्रिका दाखवायची, हा मोर आमच्या लग्नाचा म्हणून सांगायची, असंही म्हणाली. मी कार्ड हातात घेतलं. मोराखाली दोन नावं होती, त्यातलं एक तिच्या आईचं. वर्षभर ते माझ्या डब्यात होतं आणि मी एकदाही वाचलं नव्हतं. मी पाठची बाजूच बघत आले.

नवरीच्या माहेरचा पत्ता अशा पत्रिकेत खाली असतोच. पण माझी कार्डं एका मापाची लागतात. खालच्या चार ओळी मी स्वतःच्या हाताने कापून कचऱ्यात टाकल्या होत्या.

शेजारीण गेल्यावर मी एका कोऱ्या तुकड्यावर नवा ‘ओ’ काढला. दोन मिनिटं लागली.

त्यानंतर वहीतल्या फोन नंबरवर कितीतरी वेळा फोन लावला, तो बंदच. दोनदा दिव्याला गेले. एकसारख्या इमारती, जिन्यांत हंडे आणि कॅन, टँकरच्या रांगेतल्या बायका. वडिलांचं नाव सांगितलं, वेण्या सांगितल्या. एक बाई म्हणाली, इथे रोज कोणी येतं, रोज कोणी जातं, तुम्ही कुणाकुणाला शोधणार? तिचं काही चुकलं नाही. माझी लेक घोडबंदर रोडला राहते. तिच्याकडे जाताना बस ट्रॅफिकमध्ये अडकली की मी शाळेतून सुटलेल्या मुलींचे चेहरे बघते. ती आता तेरा वर्षांची असेल. वेण्या कधीच कापल्या असतील. समोर आली तरी मी ओळखणार नाही, आणि तरी मला ती भेटावी असं फार वाटतं. रागावली तरी चालेल.

डबा आवरताना ते कार्ड मी सगळ्यात वर ठेवते, मोर वर करून. या वर्षीच्या वर्गात एक चौकस मुलगी आहे. परवा तिने ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि सुपातल्या दुसऱ्या ‘ओ’शेजारी धरलं.

“टीचर, ओ दोन कशाला?”

मी सांगितलं, हा एका मुलीचा आहे, इथेच शिकायची, न्यायचा राहिलाय.

तिने ते कार्ड पुन्हा डब्यात ठेवलं. “ती आता मोठी झाली असेल ना? मग आता तिला येत असेल ओ.”

“तिला तेव्हाही येत होता,” मी म्हटलं.