तिकीट काढून आवरलेलं घर

आधी एक कबूल करा, हे आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकणार नाही. मग सांगते.

आमच्या यवतमाळात एस्केप रूम निघाली. म्हणजे काय, तर आपणच तिकीट काढून स्वतःला कोंडून घ्यायचं, आणि कुलपाचा आकडा शोधून तासाभरात बाहेर यायचं. खोलीचं नाव 'चोर गेला कुठे?'. घाटंजीहून माझी नणंद पूजा आली होती, तिनंच टूम काढली. नाव ऐकल्यापासून मलाही चैन पडेना. आत काय असेल? चोर खराखुरा असेल का?

पण दीड वर्षाची ओवी? ती माझ्याशिवाय कधी राहिली नव्हती. (खरं म्हणजे मीच तिच्याशिवाय राहिले नव्हते.)

"मी आहो ना बाहेर! जा तू बिनघोर," सासूबाई म्हणाल्या. आमचं दोघींचं तसं बरं आहे. वाद एकच, रोजचा. त्या म्हणतात, खेळणी उचल. मी म्हणते, आई, पसाऱ्यानं मुलांची बुद्धी वाढते, मी वाचलंय!

तर आत गेलो. दार बंद. आणि काय ते घर! कपाट सताड उघडं, साड्या जमिनीवर, चपला एक इथे, एक तिथे, ओट्यावर कणीक सांडलेली. नुकताच चोर येऊन गेलाय म्हणे. अडलं तर बाहेर बसलेल्या दादांना स्पीकरवरून क्ल्यू मागायचा. माझे मिस्टर आणि पूजा आकडा शोधायला लागले.

आणि मी? मी स्पीकरला विचारलं, "दादा, ओवी रडत तर नाही ना?"

"नाही मॅडम. तुमचा एक क्ल्यू संपला."

"ऑं? क्ल्यू तीनच राह्यते वहिनी!" पूजा ओरडली.

"बरं बरं. पण तिनं केळं खाल्लं का, एवढंच..."

"खाल्लं. दुसरा संपला."

"आता बोलू नको तू!" इति मिस्टर.

मग काय करणार? कडेवर ओवी नाही, हात मोकळे. आणि माझ्या मोकळ्या हातांचा काही भरवसा नाही. साड्यांच्या घड्या झाल्या. चपला जोडीनं लागल्या. ओट्यावरची कणीक ओढणीनं लख्ख पुसली. तेवढ्यात स्पीकर कळवळला, "मॅडम! थे कणीक पुसू नका!"

कणकेत चोराच्या बोटानं आकडा लिहिलेला होता. साड्या त्या ओट्याकडे वाट दाखवत होत्या.

"काहून पुसलं व वहिनी?"

मी तिसरा क्ल्यू मागितला, तर दादा म्हणाले, "तोच पुसला तुम्ही."

शेवटी त्यांनीच दार उघडलं. मी धावले. बाहेर सासूबाई कॅमेऱ्याच्या टीव्हीसमोर चिवडा खात बसल्या होत्या, मांडीवर ओवी, खुशीत. सगळं पाहिलेलं!

"घरी पसाऱ्यानं बुद्धी वाढते, आन् इथं तिकीट काढून लोकायचं घर आवरून राह्यली काय व?"

दादा तर रडकुंडीला. पुढची मंडळी दारात उभी. "आता एवढा पसारा कोण करीन?"

सासूबाईंनी ओवीला मांडीवरून उतरवलं आणि आत सोडलं. "जा माय. वाढव बुद्धी."

पाच मिनिटांत चोर येऊन गेला. पहिल्यापेक्षा सरस! एकदाही आईकडे वळून पाहिलं नाही पोरीनं.

आणि मी? मी दारातच होते. पूजानं माझे दोन्ही हात धरून ठेवले होते.