माय सिरीयस आहे, निघ

आमच्याकडे माणूस गेला, असं फोनवर कोणी सांगत नाही. सिरीयस आहे म्हणतात. मढं अंगणात निजवलेलं असतं, बाया रडत असतात, आणि घरामागं गोठ्याजवळ उभं राहून कोणीतरी पुण्याच्या पोराला सांगत असतो, "बाबा सिरीयस आहे, निघून ये." पोरगं प्रवासात एकटं, रस्त्यात काही करून बसलं तर? आमच्या आसगावात असे फोन मी स्वतः तीनदा केले आहेत. पलीकडचा "कोणत्या दवाखान्यात?" विचारतो, तेव्हा काय सांगायचं तेही मला पाठ होतं.

म्हणून कझाकस्तानात, पाइपलाइनच्या कॅम्पवर, मोठ्या भावाचा फोन आला, "मायले नागपूरले आणलं, सिरीयस आहे, तू निघ," तेव्हा मी दवाखान्याचं नावसुद्धा विचारलं नाही. उगाच त्याला खोटं बोलायला कशाला लावायचं? "निघतो" म्हणालो आणि फोन बंद केला. बटण दाबून, पुरता बंद. नाहीतर गावच्या ग्रुपवर हार घातलेला मायचा फोटो आला असता, आणि त्याखाली साऱ्या गावाची भावपूर्ण श्रद्धांजली. ते मला पाहायचं नव्हतं.

सोबत माझा दोस्त निघाला. तो आंबागडचा. भंडाऱ्याच्या आयटीआयत आम्ही वेल्डिंग एकत्र शिकलो, आणि इथंही एकाच खोलीत राहत होतो. त्याची सुट्टी पुढच्या महिन्यात होती, ती त्यानं साहेबाशी भांडून अलीकडे ओढली. हिमवादळामुळं जवळचं विमानतळ बंद पडलं होतं. अल्माटीपर्यंत रेल्वेनं दोन दिवस, आणि तिथून दिल्लीचं विमान. दुसरा रस्ता नव्हता.

गाडी गरम होती, बाहेर सगळं पांढरं. झाड नाही, घर नाही, मधूनच दहा-वीस घोडे उभे. आपल्याकडे भंडाऱ्याहून पवनीला जायचं म्हटलं तरी चार तळी, दोन देवळं आणि एखादा ओळखीचा माणूस दिसतोच. इथं तीन तास झोपून उठा, खिडकीत तेच. मी ते बघत बसलो. मनात म्हटलं, आता रडू येईल, मग येईल. आलं नाही. मायचा चेहरा आठवून पाहिला, तर आठवलं काय, ती धानाच्या बांधीत रोप रोवायला वाकली की दिसायची ती पाठ. तेवढंच. मला माझाच राग आला, आणि तोही फार वेळ टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बर्थवरची चादर काढली आणि खाली, दोन बर्थच्या मधल्या जागेत अंथरून आडवा झालो. सुतकात आपल्यात पलंगावर निजत नाहीत. डब्याची देखरेख करणारी बाई आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांच्या भाषेत खूप बोलली, पायानं चादर ढकलली आणि वर बोट दाखवलं. दोस्त हात जोडत मधे पडला. "उठ न बे, गाडीतून उतरवून देईल ते." उठलो. पण साबण लावला नाही, दाढी केली नाही, मासोळीला हात लावला नाही. एका मोठ्या स्टेशनावर बाया धुरावलेली मासोळी विकत होत्या, चांगली वीतभर. दोस्ताचा जीव मासोळीत, ढिवराच्या घरचा तो. पण माझ्यासमोर कशी खायची म्हणून पठ्ठा त्या मरणाच्या थंडीत फलाटावर उभ्यानं खाऊन आला. दात वाजत होते त्याचे.

समोरच्या बर्थवर एक कझाक म्हातारी होती. तिनं आम्हाला तळलेल्या पिठाचे गोळे दिले. मी नको म्हटलं. तिनं खुणेनं विचारलं, याला काय झालं? दोस्तानं मोबाइलमधला मायचा फोटो दाखवला, मागच्या दिवाळीत तो आमच्या घरी आला होता तेव्हाचा, आणि वर बोट केलं. म्हातारीनं दोन्ही तळवे उघडले, डोळे मिटून बराच वेळ काही पुटपुटली, मग तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. परकी बाई माझ्या मायसाठी रडली आणि मी मुलगा असून तिच्या कपातला चहा सांडेल की काय एवढंच बघत होतो.

संध्याकाळी दोस्त म्हणाला, "भावाले एकदा फोन लाव."

"कायले?"

"काहून नाही? विचारून तं पाय."

"काय विचारू? मेली का म्हणून विचारू? तो सांगू शकन का मले?"

"तरी पण. गाडीत रेंज येऊन राहिली आता."

"तुझी माय असती तं लावला असता का तू?" मी ओरडलो. म्हातारी दचकली. दोस्ताच्या फोनमधे माझ्या घरच्यांचा नंबर नव्हता, नाहीतर त्यानं माझ्या माघारी लावला असता. मला सारखं वाटत होतं, जोवर मी या गाडीत आहे तोवर कोणी मला ते तोंडानं सांगितलेलं नाही. आणि उतरलो की सांगतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी अल्माटीला उतरलो. दिल्लीच्या तिकिटाचा मेसेज माझ्याच फोनवर येणार होता, तेव्हा तो चालू करावाच लागला. थरथरत राहिला किती वेळ. आधी ग्रुप उघडला. हाराचा फोटो नव्हता. धानाच्या वजनकाट्याबद्दल कोणीतरी कोणाशी भांडत होतं. मी वर वर सरकवत गेलो, तरी नव्हता. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"कुठं आहेस तू? लावून लावून थकलो. माय गेली बे."

"मालूम आहे," मी म्हणालो.

"मालूम आहे? तुले कोणं सांगितलं? आत्ता, सकाळी आठ वाजता तं गेली."

"आज?"

"अन् कवा? काल बोलून राहिली होती चांगली. दोन दिवस एकच, त्याले फोन लावा, त्याले लावा. नर्सबाईनं फोन आत नेऊ देला, तं तुझा बंद. मी म्हणलं, माय, रेंज नसन. तं म्हणे, थोड्या वेळानं लाव. सांग न, काहून बंद होता तुझा फोन?"

मी खरं सांगितलं. तो फोन आला तेव्हा मी काय समजलो, दवाखाना का विचारला नाही, सगळं. भाऊ हळूच म्हणाला, "अबे, पण मी सिरीयस म्हणलं होतं न."

फोन ठेवला. दोस्त दोन्ही बॅगा घेऊन बाजूला उभा होता.

"काय म्हणते भाऊ?"

"गेली म्हणते."

"ते तं आपल्याले मालूमच होतं," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आज सकाळी गेली," मी म्हणालो. "काल मले फोन लावाले सांगून राहिली होती."