मागे वळून बोलणारा ड्रायव्हर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी मोहाडी तालुक्यात नर्स होते. आठवड्यातून चार दिवस लसींची पेटी मांडीवर घेऊन खात्याच्या जीपनं गावोगाव फिरायचं. पुढची सीट डॉक्टरांची. ते आले नाहीत तरी मी सवयीनं मागेच बसायची.

आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे, मोठे बोलके. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचं ही त्यांची रीत. मी मागे, म्हणून ते मान पूर्ण वळवून बोलायचे.

"भाऊ, रस्त्याकडे पाहा नं," मी म्हणायची.

"बाई, तुम्ही बोलून राहिल्या अन् मी तिकडं पाहून राहिलो, तं माणुसकी कायची?"

मी हसायची. खरं सांगायचं तर दिवसभर रडणारी पोरं आणि भांडणाऱ्या आया ऐकून डोकं बधिर झालेलं असायचं. परतीच्या वाटेवर ते बोलले की बरं वाटायचं. म्हणून मी फार आग्रह धरला नाही.

धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. आंधळगावातलं काम आटोपून आम्ही दुपारी निघालो. डॉक्टर नव्हते. मी सांगत होते की एका पोरानं सुई टोचताना माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"कुठं? पाहू," ते वळले.

मी बोट पुढे केलं.

धाडकन आवाज झाला. डांबराची पट्टी एका गाडीपुरती. कडेनं एक शेतकरी सायकलच्या कॅरिअरवर पऱ्ह्यांच्या, म्हणजे लावायच्या धानरोपांच्या, पेंढ्या बांधून रोवणीला चालला होता. जीपनं त्याला उडवलं होतं. हिरवी रोपं रस्ताभर पसरली होती. तो बांधाशी गुडघा धरून बसला होता.

आम्ही दोघांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत ड्रायव्हरनी एकदाही मान मागे वळवली नाही.

पाय वाचला, पण गुडघा वाकेना. चिखलात उतरायचं काम त्याचं कायमचं सुटलं.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं : सायकलस्वार अचानक मध्ये आला. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. ड्रायव्हरना तीन लेकरं होती. मला नोकरी सांभाळायची होती. मी सही केली. त्या कागदात माझ्या बोलण्याचा कुठे उल्लेखच नव्हता.

पुढच्या महिन्यात त्या शेतकऱ्याच्या गावात लसीकरण आलं. त्याची बायको लहान पोरगी घेऊन रांगेत उभी होती. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले. मला राहवेना. तिला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. ड्रायव्हर मागे पाहत होते, आणि मीच त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं.

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आता कायले सांगता, बाई? तवाच सांगाचं होतं. माह्या मालकाले लोक म्हनतात, तुलेच सायकल चालवता येत नाही."

तिनं पोरीचा दंड पुढे केला. "टोचा. मले वावरात जाचं आहे."

परतताना ड्रायव्हरना हे सांगितलं. ते समोर पाहतच म्हणाले, "बरं केलं. माह्या हातून नसतं झालं."

दुसऱ्या रविवारी ते एकटे त्या घरी जाऊन आले. त्या माणसानं बसायलाही सांगितलं नाही. ड्रायव्हर अंगणातच उभे राहून, चारचौघांदेखत चूक कबूल करून परतले. कागद मात्र तसाच राहिला. तो बदलून घ्यायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.

नंतर बदल्या होत गेल्या, ड्रायव्हरही बदलले. कुणी बोलायला मान वळवली की मी तुटकपणे म्हणायची, "समोर पाहा." मग तासतासभर गाडीत कुणी बोलायचं नाही. बाई फार शिष्ट आहेत, असं माझ्यामागे म्हणत. त्यांना समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.