आईची प्रार्थना दुरुस्त करताना

मुर्री गावात आमची दर रविवारची उपासना एका मावशीच्या घरी, समोरच्या खोलीत होते. ती माझी सख्खी मावशी नाही, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. पंधरा-वीस माणसं असतात. चर्चचे पाळकसाहेब गोंदियाहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी आम्ही दारापासून सुरुवात करून एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो. कोणी झाडीबोलीत, कोणी हिंदीत, एक आजी छत्तीसगढीत. ज्याला काही बोलायचं नसेल तो नुसतं 'आमेन' म्हणतो आणि पुढचा सुरू करतो.

आई कधी शाळेत गेली नाही. ती दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणीला जाते, आणि देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची. "बापा, बकरी दोन दिवसांपासून खाऊन नाई राहिली, तिच्याकडे पाहजो जरा." कोणी हसत नसे. लहानपणी मलाही त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

बी.ए.ला गेल्यावर वाटायला लागलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रार्थना कशी असावी याबद्दल माझी मतं झाली होती. ती कुठून आली ते मला नीट सांगता येणार नाही. एका संध्याकाळी मी वहीच्या पानावर शुद्ध मराठीत आईसाठी प्रार्थना लिहिली आणि चार दिवस तिच्याकडून पाठ करून घेतली. भाकरी थापताना ती ओळी म्हणायची, मी चुका काढायची. आपण तिचा मान वाढवतो आहोत असं मला खरंच वाटत होतं.

रविवारी ती उभी राहिली. 'हे कृपाळू स्वर्गीय पित्या' एवढं म्हणाली, आणि पुढची ओळ तिला आठवेना. थोडा वेळ थांबून ती 'आमेन' म्हणाली आणि बसली. त्यानंतर दर रविवारी तिची वेळ आली की ती नुसतं आमेन म्हणू लागली.

मला लाज वाटली. पण आईशी बोलायचं सोडून मी नम्र व्हायचं ठरवलं. लवकर जाऊन खोली झाडायची, चटया अंथरायची, प्रार्थनेत माझी वेळ आली की देवाची क्षमा मागायची, उपासना संपली की चहाचे कप घासायचे. एकदा कप घासत असताना मावशी बाजूला येऊन बसली. बराच वेळ पाहत होती.

"कप तं चांगले घासतेस व," ती म्हणाली. "पण कोण पाहून राहिलं, तेबी पाहून राहिली तू."

खरंच होतं. मी पाहतच होते. मग ती आवाज उतरवून म्हणाली, "देवाले माफी मागतेस दर ऐतवारी. मायले मागितली का?"

घरी आई सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसले. माझं चुकलं, मी तुझी प्रार्थना बिघडवली, असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, त्यात काय चुकलं, तू शिकलेली, तुलाच माहीत. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कठीण होतं. मी बरोबर आहे असं तिला मनापासून वाटत होतं.

परीक्षा आठ दिवसांवर होती. इंग्रजीच्या पेपरची भीती मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. ती सांगितली. मागच्या वेळी त्यातच नापास झाले होते, तेही सांगितलं. आणि माझ्यासाठी प्रार्थना कर म्हटलं.

"कागद कुठी आहे?" तिनं विचारलं.

कागद नको, तुला येते तशीच कर, मी म्हणाले.

तिनं कोंड्यानं माखलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "बापा, या पोट्टीचा इंग्रजीचा पेपर आहे. मले त्यातलं काई समजत नाई, तुले समजत असन. नापास झाली ते तिनं तवा मले सांगितलं नाई, आन् तूबी नाई सांगितलं." मग ती म्हणाली, "तिच्या मनात भेव नको राहू देजो."

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा आमेनच म्हटलं. त्याच्या पुढच्याही. मी तिला कोपरानं ढोसलं नाही, एवढंच मला जमलं. तिसऱ्या रविवारी तिची वेळ आली आणि ती गप्पच राहिली, आमेनही म्हणेना. मग शेजारच्या म्हाताऱ्याचा गुडघा, नळाला न येणारं पाणी, असं एकेक ती बापाला सांगू लागली. मध्येच अडखळली. तिनं माझ्याकडे पाहिलं असावं. मी डोळे मिटूनच ठेवले. ती पुढे बोलत राहिली.