खाडीत उभ्या केलेल्या सायकली

आमच्या घराण्यात समुद्रात सायकल बुडवणारा मी पहिलाच. एक नव्हे, दोन. त्यातली दुसरी माझ्या मोठ्या भावाची होती आणि तिच्याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं.

दादा घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होता. ग्रेडर म्हणजे कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून माल कोणत्या प्रतीचा आहे, त्यात ओल किती आहे, हे सांगणारा माणूस. हंगामात गाड्यांची रांग लागे आणि सगळे दादाच्या तोंडाकडे पाहत उभे राहत. मग कापसाचे ते वाईट दिवस आले आणि एका दिवाळीनंतर जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. दादा घरी बसला. बाजारात जाईना, पानठेल्यावर जाईना. ज्या काळ्या सायकलवर तो बावीस वर्षं कामाला गेला, ती ओसरीत उभी राहिली आणि वहिनी तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागल्या.

"भाऊजी, यायले कुठं तरी घेऊन जा," एक दिवस वहिनी मला म्हणाल्या. "दिवसभर भिंतीकडे पाहत राह्यते. मले भेव लागते."

त्या वर्षांत आमच्या भागात एखादा माणूस असा गप्प बसला, की घरच्यांना भेव लागायला कारण असे. मी लगेच हो म्हणालो. कुठे न्यायचं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

एका ओळखीच्याने कोकणातून एक पुस्तिका आणली होती, समुद्रकिनारी हौसेने सायकल चालवणाऱ्यांसाठी. वाटांचे नकाशे, अंतरं, पंक्चरवाला कुठे, प्यायचं पाणी कुठे, पलीकडे नेणारी होडी किती वाजता सुटते, मुक्कामाला कोणाकडे उतरावं, सगळं व्यवस्थित छापलेलं. चौथ्या वाटेपुढे लिहिलं होतं, 'सोपी, सपाट, कुटुंबासह करण्याजोगी'. मी ती घेऊन दादाकडे गेलो.

"सायकल चालवाले कोकणात?" दादा म्हणाला. "इथले रस्ते संपले काय?"

"इथं समुद्र नाही ना दादा."

"मंग समुद्रात सायकल चालते काय?"

(हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला.)

तो तयार झाला, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं. वहिनींनी सायकलवरचा टॉवेल काढला, तेल घातलं, भाकरी-ठेच्याची थैली हँडलला अडकवली. एसटीच्या टपावर दोन सायकली बांधून, चार गाड्या बदलून, दोन दिवसांनी आम्ही देवगडच्या बाजूला एका खाडीकाठच्या गावात उतरलो. पुस्तिकेतल्या घरी मुक्कामाची सोय झाली. वहिनींच्या भाकरी वाटेतच संपल्या होत्या, म्हणून त्या घरच्या बाईंनी सकाळी तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या. ठेचा आमचाच होता.

सकाळी सायकली काढल्या. कोकणातला रस्ता एकतर चढतो, नाहीतर उतरतो. तिसरा प्रकार त्यांच्याकडे नाही. पहिल्या चढावर दादा उतरला, दुसऱ्या चढावर मी, आणि तिसऱ्यापासून आम्ही दोघं सायकलींना फिरायला घेऊन निघालो.

"सुधा, सपाट म्हणला होता ना तू?" दादा मला म्हणाला.

"पुढं हाये सपाट."

पुढे खरंच सपाट होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचं लांबरुंद मैदान पसरलं होतं, ओलसर, घट्ट, डांबरी रस्त्यासारखं. पाणी पार दूर, चमकणारी एक रेघ. दादाने अर्धा मैल सायकल पळवली आणि घंटी वाजवली. समोर कोणीही नसताना! दिवाळीपासून त्याने कारण नसताना काही केलं, असं ते पहिलंच होतं. मला इतकं बरं वाटलं, की माझी अक्कल तिथेच रजेवर गेली.

आता घाटंजीचा माणूस नदीचं पात्र कसं पाहतो, ते सांगतो. आमच्याकडे पाणी दिवाळीनंतर नदीतून जातं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवत नाही. मधल्या काळात नदी म्हणजे आमचा वाहनतळ. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या, सायकली सगळं पात्रात सोडून लोक खुशाल भाजी घ्यायला जातात. त्यामुळे खाडीच्या मधोमध, जिथे वाळूत होडी बांधायचा एक जाड खुंटा रोवलेला होता, तिथे सायकली लावायचं आम्हाला अगदी सहज सुचलं. दोन्ही सायकली साखळीने एकमेकींना आणि मग खुंट्याला बांधल्या, वर कुलूप घातलं. (परमुलखात चोरी झाली तर?) किल्ली सीटखालच्या हत्यारांच्या डबीत टाकली. तिथे सुरक्षित राहील म्हणून.

काठावर सुरूच्या झाडांखाली बसून जेवलो. पुस्तिकेची शेवटची चार पानं नुसत्या आकड्यांची होती, प्रत्येक तारखेपुढे घड्याळातल्या चार-चार वेळा छापलेल्या. कोळ्यांच्या कामाचं काहीतरी असेल, असं समजून मी ती फाडली आणि ठेच्याखाली घेतली. मग दोघंही आडवे झालो.

दादाने हलवून उठवलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मैदान नव्हतं. पाणी होतं, आणि पाण्यावर दोन हँडलं.

"धरण सोडलं वाटते," दादा म्हणाला. "गेट उघडाच्या आधी भोंगा नाही वाजवत काय हे?"

"वरतं पाऊस झाला असन," मी म्हणालो. जानेवारी महिना होता.

दादा चपला काढून पाण्यात शिरला. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. मी त्याचा सदरा धरला, तो हिसडा देत होता. "सोड मले! माह्यी सायकल हाये ते!" पाणी त्याच्या छातीला लागलं आणि मी सदरा दोन्ही मुठींत आवळला. ज्या माणसाला वाचवायला इतक्या लांब आणलं, त्याला मी खारट पाण्यात घालवतो की काय!

काठावरून आवाज आला, "ओ पावण्यांनू, भायर येवा!" डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी उभी होती. आम्ही बाहेर आलो.

"सायकली तुमच्यो? मगे थय कित्याक ठेवलास?"

"मावशी, हे पाणी कोणत्या धरणाचं हो?" दादाने विचारलं.

म्हातारीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भरती ती. रोज येता, रोज जाता. पाच वाजता पाणी जातला, तेव्हा काढा." मग जरा काळजीनेच म्हणाली, "तुमी करतास काय?"

इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी आत्तापर्यंत मुद्दाम टाळली.

"मी नोकरी करतो," मी म्हणालो.

"मास्तर हाये तो," दादा म्हणाला. "भूगोलाचा. चंद्र काढून, पृथ्वी काढून, पोराइले भरती-ओहोटी शिकवते. आकृती चुकली तं मार्क कापते."

आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग खाली वाळूत बसून, ओल्या धोतरासकट. म्हातारीही हसली. मीही हसलो, पण माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मला समुद्राकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

मग आम्ही पाच वाजायची वाट पाहत बसलो. दादा आपणहून बोलू लागला.

"तिनं कसं चटकन सांगतलं, पाच वाजता. मले बाजारात भेटन तो मानूस इचारे, जिनिंग कई उघडते? बावीस वर्षं माह्या सांगन्यावर गाड्या रिकाम्या झाल्या, आन् एवढ्याचं उत्तर माह्यापाशी नाही. काय तोंड दाखवू? म्हनून जात नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने तो राहू दिला.

पाच वाजता पाणी गेलं. सायकली शेवाळ गळत उभ्या होत्या. घाटंजीला पोचेपर्यंत दोन्ही साखळ्या गंजल्या आणि दादाच्या सायकलची घंटी कायमची मुकी झाली.

जिनिंग त्या वर्षी उघडलं नाहीच. पण पुढच्या बाजाराला दादा गेला. कोणी विचारलं, 'कई उघडते?' की तो म्हणे, "ते नाही मालूम बावा. पन माह्या भावानं काय केलं ते ऐक." दर आठवड्याला गोष्टीतलं पाणी हातभर वाढत गेलं. उन्हाळ्यापर्यंत गावभरच्या गोष्टीत मी दातांत सायकल धरून पोहू लागलो होतो आणि माझ्या वर्गात भरती-ओहोटीचा धडा आला, की मागच्या बाकावरून खोकले ऐकू येत.

एक दिवस वहिनी घरी आल्या, पाणी न पिताच म्हणाल्या, "भाऊजी, हे दोन दिवसापासून पुन्हा चूप हायेत. तुम्हाले काहीच समजत नाही, अशी अजून एखादी जागा हाये काय?"

मी कपाटातून भारताचा नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. निवडायला भरपूर वाव होता.