घंगाळाचा सवाल

बुडव्या माणसाचा मला राग येतो, आणि एकदा राग आला की माझं डोकं कसं साफ चालतं. जळकोटच्या त्या माणसाच्या बाबतीत तेवढं मात्र जमलं नाही. त्याच्यावर चिडावं की त्याला हसावं, हेच मला कित्येक महिने कळलं नव्हतं.

लातुरात माझ्या सासऱ्यांचं भांड्याचं दुकान होतं. भूकंपानंतर पडलेल्या गावांतून लोक भांडी घेऊन यायचे. चेपलेले हंडे, कान तुटलेल्या पराती, कडी निखळलेली घंगाळं. मोडीच्या भावानं सासरे सगळं घ्यायचे, पण ज्या भांड्यावर नाव घातलेलं असेल ते भट्टीला जाऊ द्यायचे नाहीत. "नाव हाय त्याच्यावर," एवढंच म्हणायचे आणि भांडं माडीवर पाठवायचे. त्याचं पुढं काय करायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. सासरे गेले, दुकानात नोट्स झेरॉक्स करून देणारा भाडेकरू आला, आणि माडीवर नावांची ती भांडी तशीच राहिली.

मग लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. आमच्या गल्लीत तर ज्याला त्याला सर म्हणायची पाळी आली. दाराशी रोज कोणी ना कोणी आई-बाप उभे, पोरीसाठी खोली आहे का. ह्यांनी माडी रिकामी करायची ठरवली. हे नोकरी करणारे, पण अखेर दुकानदाराचाच मुलगा. म्हणाले, "मोडीत घालू सगळं. चार कॉट बसतील."

मी म्हटलं, घालून तर बघा.

मी नांदेडची, मास्तरांच्या घरातली. भांडीकुंडी, वजनं, भाव यातलं मला काही कळत नव्हतं. पण परक्या बाईचं नाव आपण वितळवायचं हे मला कसंसंच वाटत होतं. आमची लेक तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला गेली होती, तिचा कॉम्प्युटर घरात धूळ खात होता. सुट्टीत आली तेव्हा तिनंच मला लिलावाची ती साइट दाखवली. फोटो टाकायचा, लोक घरबसल्या बोली लावतात, मुदत संपेल तेव्हा ज्याची बोली सगळ्यात वर, वस्तू त्याची. त्यानं दोन-चार दिवसांत पैसे भरायचे, मग आपण कुरिअर करायचं. म्हणाली, "आई, जुन्या भांड्यांचे शौकीन असतात. ते जपून ठेवतात." झालं, मला तेवढंच हवं होतं. नाव कोणाच्या तरी घरात राहिलं म्हणजे बास.

पहिली काही भांडी सुरळीत गेली. मग मला बुडवे भेटायला लागले. एकानं पितळी डब्यावर बोली जिंकली आणि फोनवर म्हणाला, कितीपर्यंत जातंय ते बघत होतो. एक बाई म्हणाल्या, नवरा नको म्हणतो. अहो, मग बोलीच्या आधी विचारायचं ना नवऱ्याला! मी हळूहळू तरबेज झाले. आधी गोड निरोप, मग फोन, मग साइटकडे तक्रार. तक्रार केली की त्या माणसाच्या नावापुढं 'पैसे न देणारा' असा शिक्का बसायचा, आणि दुसऱ्या नंबरची बोली ज्याची असेल त्याला वस्तू देता यायची. खरं सांगते, तो शिक्का मारताना मला मजा यायची.

अशात मी तांब्याचं एक मोठं घंगाळ लावलं. दोन बाजूंना दोन कड्या, काठावर टिंबाटिंबांची अक्षरं. सौ. अमुक हिचे लग्नात मामाकडून. नाव इथं सांगत नाही. त्या पिढीत आपल्याकडं घराआड एकीचं असायचं, तसलं साधं नाव. फोटो मी त्या नावाचाच काढला. पलीकडच्या कडीखाली गावाचं नाव होतं, औसा तालुक्यातलं, भूकंपात गेलेलं. पण घंगाळ गोल, एका फोटोत दोन्ही बाजू कशा येणार? दुसरा फोटो काढायचा मी कंटाळा केला.

घंगाळासाठी दोघंच शेवटपर्यंत लढले. एक पुण्याचा, एक जळकोटचा. जळकोटचा जिंकला, आणि नंतर गप्प. गोड निरोप पाठवला, उत्तर नाही. फोन केला.

"हाव ताई," पलीकडून पुरुषाचा शांत आवाज आला. "सवाल माझ्यावर सुटला ना?"

मला वाटलं राँग नंबर लागला. आमच्या माडीवर तोवर दोन पोरी राहायला आल्या होत्या आणि सकाळपासून फिजिक्सचे सवाल सोडवत असायच्या. सवाल सुटला की जिन्यातून ओरडून एकमेकींना सांगायच्या. म्हटलं, हा कोणा पोरीचा बाप दिसतोय.

"कसला सवाल, भाऊ? मी घंगाळाचं विचारतेय."

"त्याचंच म्हणून राहिलो की. सुटला ना माझ्यावर?"

"हो, तुम्हीच जिंकलात. पैशांचं काय?"

"देणार ना. यात्रेला देतो."

"कुठल्या यात्रेला?"

"आमच्या, चैत्रातल्या." आणि म्हणाला, "ताई, जपा त्याला. त्याच्यावर माझ्या आईचं नाव हाय. आमचं गाव भूकंपात गेलं, आई बी गेली. आता मी लेकीकडं राहतो जळकोटला. जावयानं दाखवला फोटो. घरातलं काईच सापडलं न्हवतं आम्हाला."

मी फोन ठेवला. आईचं नाव म्हणतोय, मग पैसे का देत नाही? आणि देणारच असेल तर यात्रेचं मध्येच काय काढलं? नाही द्यायचे म्हणून लोक दिवाळीला देतो म्हणतात, पगार झाला की देतो म्हणतात. यात्रेला देतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बरं, थापाड्या म्हणावं तर आवाज तसा नव्हता. खरा म्हणावं तर पैसे नव्हते.

पुन्हा दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तेच. उलट दुसऱ्या खेपेला त्यालाच आश्चर्य वाटलं. "ताई, तुम्ही असं का विचारून राहिल्या? बोललोय ना मी." बोललोय ना, बोललोय ना! अरे बाबा, बोललास म्हणून तर विचारतेय.

रात्री जेवताना मी ह्यांना सांगायची, तो जळकोटवाला अजून पैसे देत नाही. हे म्हणायचे, "मोडीत घातलं असतं तर एव्हाना चारही कॉट बसल्या असत्या." मी ताट उचलून उठायची.

इकडं साइटचे निरोप येत होते. तक्रार करा, नाहीतर विक्रीचं कमिशन तुमच्याकडून घेऊ. एक दिवस मी वैतागून तक्रार केली. शिक्का बसला. या वेळी मजा वाटली नाही. घंगाळ पुण्याच्या माणसाला देऊ केलं, त्यानं तासाभरात पैसे भरले. म्हटलं, चला, सुटले बाई.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. कुरिअर करण्याआधी घंगाळाच्या तळाला मधोमध भोक पाडून मिळेल का? फार्महाउसवर वॉश बेसिन करायचंय.

मी तो निरोप तीनदा वाचला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणीक तिंबली. लोक त्यात हात धुणार, चुळा भरणार, आणि काठावर कोणाची तरी आई. बरं, पैसे देऊन मोकळा झालेला तो माणूस सरळ, आणि आई म्हणणारा तो बुडवा. नियमानं बघितलं तर असंच होतं. मला काही म्हणजे काही कळेना.

त्या दिवशी हे ऑफिसातून आल्यावर मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. रागात होते म्हणून शब्दन् शब्द सांगितला. "आणि म्हणतो कसा, सवाल माझ्यावर सुटला, यात्रेला देतो."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सवाल म्हणाला?"

"हो. आता हे काय नवीन?"

"मग देईल की यात्रेला."

हे मूळचे अहमदपूरकडचे. त्यांनी मला समजावलं, म्हणजे आधी भरपूर हसून घेतलं आणि मग समजावलं. त्यांच्या गावाकडं यात्रेत देवाच्या नारळाचा, पालखीच्या मानाचा, फुलांच्या हाराचा लिलाव होतो. त्या बोलीला म्हणतात सवाल. जो जास्त बोलला त्याच्यावर सवाल सुटतो. तो माणूस नारळ घेऊन घरी जातो. पैसे तिथल्या तिथं कोणी मागत नाही, मागणं म्हणजे त्याचा अपमान. पुढच्या यात्रेला तो येतो, देवासमोर पैसे ठेवतो, आणि मगच नवा सवाल बोलतो.

"आणि नाही ठेवले तर?"

"असं कसं नाही ठेवणार? बोललाय ना तो." ह्यांच्याही तोंडात तेच.

आमच्या नांदेडच्या घरात देवाला जायचं, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा आणि परत यायचं. मला हे कुठून माहीत असणार? मी म्हटलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "तू पैसे देत नाही एवढंच सांगायचीस. सवाल कुठं म्हणालीस?" ते खरंच होतं, म्हणून जास्तच राग आला.

पण मला एक कळेना. ज्याच्यासाठी मी अडून बसायचं, त्यानं मशीनला देव समजून बोली लावलेली. साइटचा नियम खरा की यात्रेचा? आणि त्याची यात्रा चैत्रात, आता तर मार्गशीर्ष चालू होता. तरी मी पुण्याच्या माणसाचे पैसे परत केले आणि लिहिलं, घंगाळ द्यायचं नाही. त्यानं माझ्याविरुद्ध असा काही अभिप्राय लिहिला की विचारू नका. त्यानंतर माझ्या भांड्यांना कोणी बोलीच लावेना. जळकोटवाला 'पैसे न देणारा', आणि मी 'माल न देणारी'. छान जोडी जमली.

उरलेली भांडी जिन्याखाली रचली. माडीवर चार कॉट पडल्या. घंगाळ मी आमच्याच खोलीत ठेवलं, आणि येता-जाता त्याला ठेच लागली की मनात यायचं, येईल का हा? जळकोटला फोन करून विचारायची मला आता लाज वाटत होती.

चैत्रात, यात्रा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो आला. धोतर, टोपी, कपाळाला भंडारा, हातात नारळ. पैसे त्यानं आधी आमच्या देवघरापुढं ठेवले, नारळ त्यावर ठेवला, मग मला म्हणाला, "ताई, घ्या उचलून." त्या शिक्क्याबद्दल एक शब्द नाही. जावयानं सांगितलंच नसावं.

मी घंगाळ पुढ्यात आणलं. दोन दिवस चिंच लावून घासलं होतं. त्याला अक्षरं वाचता येत होती, पण वाचायच्या आधी त्यानं नावावरून बोट फिरवलं, सावकाश, एकेका टिंबावरून. मला वाटलं, झालं बाई, या घराचं एक काम पुरं झालं. मला फार बरं वाटत होतं. मग त्यानं घंगाळ फिरवलं, आणि त्याचं बोट दुसऱ्या कडीखाली थांबलं.

त्यानं वाकून ती अक्षरं पुन्हा वाचली.

"हे आमचं गाव न्हाई, ताई."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. सहा महिन्यांत मी त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं नव्हतं, आणि त्यानं काठाची दुसरी बाजू पाहिली नव्हती. नाव तेच, बाई दुसरी. मी देवघराकडे वळले, पैसे उचलले आणि त्याच्यापुढं धरले. म्हटलं, "चूक माझ्या फोटोची. हे परत घ्या. तुमच्यावर कसलं बंधन नाही."

त्यानं हात मागं घेतले.

"असं कसं, ताई. बोललोय ना मी."

खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं घंगाळाभोवती गुंडाळलं. त्या गावची वाचलेली माणसं आता कुठं वसवलीत ते त्याला माहीत होतं. जाऊन विचारतो म्हणाला, या नावाच्या बाईचं कोणी राहिलंय का. मला रडू येत होतं, आणि ते कोणासाठी हे आजही मला धड सांगता येत नाही. जिन्यात पोरी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर रडायला नको म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि कोणीच नाही भेटलं तर?"

"तर आमच्या पोरांच्या आंघोळीला होईल की," तो म्हणाला आणि घंगाळ खांद्यावर घेऊन स्टँडकडे निघाला.