दीवच्या आभाळात सासूबाई

शहाळं फोडल्याचा ओलसर वास आला की मला दीव आठवतं. धुळ्याहून आम्ही सोमनाथाच्या दर्शनाला गेलो होतो आणि परतताना नवऱ्याने गाडी हळूच दीवकडे वळवली. सासूबाई रुसल्या. पोर्तुगीजांच्या किल्ल्यात त्या एका तोफेच्या सावलीत बसून राहिल्या, पांढऱ्याशुभ्र चर्चला त्यांनी बाहेरूनच हात जोडले. समुद्रावर मात्र बोटीमागे पॅराशूटला बांधलेली एक बाई आभाळात चढताना दिसली आणि त्या थबकल्याच. "माले बी उडानं शे," त्या म्हणाल्या. "आई, वय काय तुझं!" नवरा ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याचं ऐकलं नाही. सासूबाईंचा पदर कमरेला घट्ट खोचून दिला. निळ्या पाण्यावरून एक फेरी मारून त्या वाळूत टेकल्या आणि धापा टाकत हसल्या. "आते तू जाय पोरी, मी याले धरी ठेवसू." मी गेले. वरून किल्ला, चर्च, ताडाची झाडं सगळं खेळण्यातलं वाटत होतं, आणि किनाऱ्यावर सासूबाई खरंच लेकाचं मनगट धरून उभ्या होत्या. अजूनही आम्ही दोघी कुठे निघालो, की तो आधी हात मागे लपवतो.